‘कशाला?’ आणि ‘कशासाठी?’ : कामाच्या प्रयोजनाचा एक भाषिक विचार

१

आमच्या विभागात विद्यार्थ्यांकडून एक काम दरवर्षी करवून घेण्यात येते. एखाद्या बखरीतील ‘म्हणून’ हा शब्द ज्या ज्या वाक्यांत आला असेल ती सर्व वाक्ये वेचावयाची, प्रत्येक वाक्य स्वतंत्र चिठ्ठीवर उतरून काढावयाचे, आणि त्या ठिकाणी हा शब्द कोणता संबंध दाखवितो ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात नोंदवावयाचे. काम अवघड नाही. परंतु कंटाळवाणे आहे, हे मान्य केले पाहिजे. गेल्या वर्षी अशा सुमारे तीनशे चिठ्ठ्या लिहून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “हे सगळं कशाला करायचं?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. हीच वाक्ये संगणक क्षणार्धात काढून देतो हे त्याला ठाऊक होते. आणि ह्या विद्येवर उद्या आपले पोट भरेल की नाही, ही चिंताही त्या प्रश्नामागे होती. प्रस्तुत लेखकाने त्या वेळी जे उत्तर दिले ते असे : “अभ्यासक्रमात आहे म्हणून.”

हे उत्तर खोटे नव्हते. परंतु ते त्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते. ते का नव्हते, ह्याचा विचार करू लागल्यावर असे दिसून आले की, रोजच्या कामामागील आणि रोजच्या लहानमोठ्या निवडींमागील प्रयोजन म्हणजे काय, हा सर्वांनाच केव्हा ना केव्हा पडणारा प्रश्न आपल्या भाषेने पुष्कळ बारकाईने हाताळलेला आहे. तो बारकावा उलगडून दाखविणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२

एखाद्या कृतीविषयी विचारणा करण्यास मराठीत अनेक प्रश्नवाचक रूपे आहेत. त्यांपैकी ‘का’ हे सर्वांत मोघम होय. ‘तू का थांबलास?’ ह्या प्रश्नाला ‘पाऊस होता’ हेही उत्तर चालते आणि ‘तुला भेटायला’ हेही चालते. ह्याच्या उलट ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ ही दोन रूपे एकमेकांपासून स्वच्छ वेगळी आहेत. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ ह्या शब्दापासून आलेले असून ते आपणांस मागे, झाल्या गोष्टीकडे नेते. ‘साठी’ पुढे, व्हावयाच्या गोष्टीकडे नेते. ‘आम्ही पावसामुळे थांबलो’ आणि ‘आम्ही पावसासाठी थांबलो’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात वाटसरू झाडाखाली उभा आहे. दुसऱ्यात शेतकरी पेरणी लांबणीवर टाकून आभाळाकडे पाहत आहे. थांबणे दोघांचेही, पाऊसही तोच. परंतु एकाला पावसाने थांबविले आहे, तर दुसरा पावसाकरिता आपण होऊन थांबला आहे.

‘कशाला’ ह्या रूपाची गोष्ट निराळी आहे. व्याकरणदृष्ट्या ते ‘काय’ ह्या सर्वनामाच्या सामान्यरूपास ‘ला’ हा प्रत्यय लागून झालेले सरळ रूप आहे, आणि ‘बाजारात कशाला गेला होतास?’ असा साधा प्रश्नही त्याने विचारता येतो. तथापि बोलण्याच्या ओघात ह्या रूपाला बहुधा नकाराची छटा चढते. ‘तिथे कशाला गेलास?’ म्हणजे जावयास नको होते. ‘उगाच वाद कशाला?’ म्हणजे वाद नको. पाहुणा हातात फळे घेऊन येतो तेव्हा आपण ‘अहो, हे कशाला आणलंत?’ असे म्हणतो. तेथेही आणण्याची गरज नाकारलेलीच असते, फक्त ती आदराने नाकारलेली असते. म्हणजे ‘कशासाठी?’ असे विचारणारा उत्तराची वाट पाहतो, ‘कशाला?’ असे विचारणाऱ्याने उत्तर पुष्कळदा आधीच ठरविलेले असते.

माणूस आपल्या स्वतःच्या कामाविषयी ह्यांपैकी कोणता प्रश्न विचारतो, ह्याला म्हणूनच महत्त्व आहे. ‘मी हे कशाला करतो आहे?’ असे जो स्वतःशी म्हणतो त्याची पावले अर्ध्यावर थबकलेली असतात. ‘मी हे कशासाठी करतो आहे?’ असे जो म्हणतो त्याला अजून शोध घ्यावयाचा असतो. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न ‘कशाला’चा होता, आणि शिक्षकाचे कर्तव्य त्याचे रूपांतर ‘कशासाठी’त करण्याचे होते.

३

आता ‘म्हणून’ ह्या शब्दाकडे वळू. हे ‘म्हणणे’ ह्या धातूचे ‘करून’, ‘जाऊन’ ह्यांसारखे पूर्वकालवाचक रूप होय. त्याचा मूळ अर्थ ‘असे बोलून’ एवढाच. पुढे ते उभयान्वयी अव्यय झाले. ते कारणही दाखविते आणि प्रयोजनही दाखविते; मात्र दोहोंत क्रियापदाची रूपे बदलतात. ‘पाऊस आला म्हणून पेरणी केली’ ह्यात ‘आला’ हे घडलेल्या गोष्टीचे रूप आहे; हे कारण झाले. ‘मुलीने शिकावे म्हणून बापाने शेत गहाण टाकले’ ह्यात ‘शिकावे’ हे विध्यर्थाचे रूप आहे. मुलगी अजून शिकलेली नाही, कदाचित शिकणारही नाही, तरी शेत गहाण पडलेले आहे. हे प्रयोजन झाले.

ह्या रचनेचा मूळ अर्थ ध्यानात घेतला तर एक गोष्ट लक्षात येते. ‘मुलीने शिकावे’ हे जणू बापाच्या मनातील बोलणे आहे, आणि ‘म्हणून’ म्हणजे तसे स्वतःशी बोलून त्याने पुढील कृती केली. कन्नड व तेलुगू ह्या शेजारच्या भाषांतही ‘म्हणणे’ ह्या अर्थाच्या धातूचे रूप अशाच जोडकामासाठी येते, आणि संस्कृतातील ‘इति’चे कार्यही ह्याच्या जवळचे आहे. एवढ्यावरून प्रयोजनाच्या स्वरूपाविषयी कोणताही सिद्धान्त उभारणे धाडसाचे होईल. व्याकरणातील भेद म्हणजे मनातील भेदाचा पुरावा नव्हे. तरीपण ही रचना एक चांगली सूचना देते : कारण आपल्याबाहेर आयते पडलेले असते, प्रयोजन मात्र कोणीतरी स्वतःशी उच्चारावे लागते.

ह्यावरून एक साधी कसोटी काढता येते. आपल्या कोणत्याही नित्याच्या कामाविषयी ‘मी हे करतो, अमुक व्हावे म्हणून’ असे वाक्य पुरे करून पाहावे. रिकाम्या जागी विध्यर्थाचे क्रियापद सुचले तर त्या कामाला प्रयोजन आहे. ‘सगळे करतात म्हणून’, ‘वडील करीत म्हणून’, ‘सुटले नाही म्हणून’ अशीच उत्तरे येत राहिली तर आपल्यापाशी केवळ कारणे आहेत. कारणे असणे हा दोष नव्हे. आपल्या बहुतेक निवडी अशाच झालेल्या असतात. एखादा मनुष्य बापामुळे वैद्य होतो, आणि दहा वर्षांनी रोग्यांसाठी वैद्य राहतो. ‘मुळे’ने सुरू झालेले काम ‘साठी’वर येऊन पोहोचू शकते. “अभ्यासक्रमात आहे म्हणून” ह्या उत्तरातील उणीव आता स्पष्ट होईल. ते उत्तर स्वतःच एक चिठ्ठी होते, आणि तिच्या कोपऱ्यात ‘कारण’ असे लिहावे लागले असते.

४

प्रयोजनवाचक शब्दांकडे पाहिले असता असाच भेद आढळतो. हे बहुतेक शब्द संस्कृतातून आलेले आहेत, आणि आपण ते सरमिसळ वापरतो. परंतु त्यांच्या मुळांशी निरनिराळी चित्रे आहेत. ‘हेतू’ हा ‘हि’ म्हणजे प्रेरणे, ढकलणे ह्या धातूपासून आला. तो पाठीमागून लोटणारा आहे. ‘उद्देश’ ‘दिश्’ धातूपासून, म्हणजे तो पुढे बोट दाखविणारा आहे. ‘ध्येय’ म्हणजे ज्याचे ध्यान करावयाचे ते. ते दूर आणि उंच असते. ‘प्रयोजन’ मात्र ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे ह्या धातूपासून सिद्ध झाले आहे. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ हा शब्द ह्याच धातूच्या ‘युग’ ह्या रूपापासून परंपरेने आलेला आहे. आणि ‘उद्योग’ व ‘उपयोग’ हे आपले रोजचे शब्दही ह्याच घराण्यातील आहेत. तेव्हा मुळाच्या दृष्टीने प्रयोजन हे वाटेच्या शेवटी उभे असलेले निशाण नव्हे. ते करणाऱ्याला कामाशी जोडून ठेवणारे जू आहे, आणि जू हे वाटेच्या शेवटी नसते, ते पहिल्या पावलापासून मानेवर असते.

हा जोड तुटला म्हणजे काय होते, हे सांगणारे शब्द मात्र संस्कृतातून फारसे घ्यावे लागले नाहीत. ते कष्टकऱ्यांच्या अनुभवातून आलेले आहेत. मातीच्या पाट्या वाहणारा मजूर दिवस भरावयाचा म्हणून पाटीमागून पाटी रिती करतो. त्यावरून मन न लावता केलेल्या कोणत्याही कामाला आपण ‘पाट्या टाकणे’ म्हणतो. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’ म्हणजे सक्तीचे विनामोबदला काम ह्या शब्दापासून आलेला शब्द. ‘वेठ मारणे’ म्हणजे कसेबसे उरकणे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि कोठेच जात नाही. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, हे वाक्प्रचार आज आळशी माणसाला दूषण म्हणून वापरले जात असले, तरी मुळात त्यांत वर्णिलेली स्थिती आळसाची नाही. वेठीला धरलेल्या माणसाचे मन कामात नसे, कारण ते काम त्याचे नव्हते.

उलटपक्षी, प्रयोजन नसणे म्हणजे नेहमी उणीवच, असेही भाषा मानीत नाही. ‘उगाच आलो’ आणि ‘सहज आलो’ ह्या दोन्ही वाक्यांत येण्याला काही काम नाही. परंतु पहिल्यात पश्चात्ताप आहे आणि दुसऱ्यात स्नेह आहे. प्रत्येक घटकेचा हिशेब मागणाऱ्या माणसाला ‘सहज’ हा शब्द वापरता येत नाही, आणि ते त्याचे मोठेच नुकसान होय.

शेवटी ‘अर्थ’. ह्या एका शब्दात शब्दाचा आशय, कृतीचे प्रयोजन आणि धन हे तिन्ही सामावलेले आहेत. ‘ह्या वाक्याचा अर्थ काय?’, ‘त्यात काही अर्थ नाही’ आणि ‘अर्थार्जन’ ह्या तीन प्रयोगांत आपण एकच शब्द वापरतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कामाला अर्थ हवा, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्यातील धन हा अर्थ क्षुद्र मानून वगळण्याचा अधिकार भाषा आपणांस देत नाही. ‘हातावर पोट असणाऱ्या’ माणसाचे ‘पोटासाठी’ हे उत्तर ‘साठी’चेच उत्तर आहे, तेही पुढे पाहणारे आहे, आणि बहुधा त्यात एकाहून अधिक पोटे असतात.

५

विद्यार्थ्याचा प्रश्न आजचा वाटला तरी तो फार जुना आहे. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात अशी तक्रार नोंदविली आहे की, पूर्वी विद्यार्थी आधी व्याकरण शिकत, हल्ली ते वेद पाठ करून घाईने वक्ते होतात आणि व्याकरण निरर्थक आहे असे म्हणू लागतात. ह्या तक्रारीला आता दोन हजारांहून अधिक वर्षे झाली. पतंजलीने त्या विद्यार्थ्यांना दटावले नाही. त्याने प्रयोजने सांगितली. त्यांतील मुख्य पाच अशी : रक्षा, ऊह, आगम, लघु आणि असंदेह. वेदांचे रक्षण व्हावे, यज्ञप्रसंगी मंत्रातील रूपे यथायोग्य बदलता यावीत, शास्त्राची आज्ञा पाळली जावी, शब्दज्ञान थोडक्या श्रमात व्हावे आणि अर्थाविषयी शंका राहू नये.

ही यादी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पहिले प्रयोजन प्रचंड आहे. एक विद्यार्थी एका जन्मात वेदांचे रक्षण करू शकत नाही. ते अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या करावयाचे काम आहे. शेवटचे प्रयोजन मात्र अगदी लहान आहे. पुढ्यातील ह्या एका शब्दाविषयी शंका राहू नये, एवढेच ते मागते, आणि ते आज, ह्याच बैठकीत साधते. महाभाष्यकाराने ही दोन्ही एकाच पंक्तीत बसविली. कुमारिल भट्टाने प्रयोजनावाचून मंदबुद्धी मनुष्यही कामास लागत नाही असे म्हटले, आणि पुढील शास्त्रकारांनी ग्रंथारंभी अधिकारी, विषय, संबंध व प्रयोजन ह्या चार गोष्टी सांगण्याची प्रथा पाडली. वाचकाचा ‘कशासाठी?’ हा प्रश्न त्यांनी अपमान मानला नाही. तो त्याचा हक्क मानला.

६

थोर आणि लहान प्रयोजने एकत्र कशी नांदतात ह्याचे उदाहरण फार दूर शोधावयास नको. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून पुढील सुमारे पंधराशे ग्रंथांतील शब्द, त्यांच्या स्थळांसह व अवतरणांसह, चिठ्ठ्यांवर उतरविण्यात आले. अशा चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटी झाली. कोशाचा पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे ह्यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली निघाला, म्हणजे कामाच्या आरंभानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणि त्यापुढील चार दशकांत निघालेले भाग ‘अ’ ह्या एकाच अक्षरातील आहेत.

एक कोटी ही संख्या कल्पनेत आणण्यासाठी थोडे गणित करू. एका माणसाने रोज पन्नास चिठ्ठ्या लिहिल्या आणि वर्षाचे तीनशे दिवस काम केले, तर वर्षाला पंधरा हजार चिठ्ठ्या होतील. एक कोटीसाठी साडेसहाशेहून अधिक वर्षे लागतील. हे काम अनेकांनी मिळून केले म्हणूनच ते काही दशकांत झाले. परंतु त्यांतील ज्याने त्याने आपले प्रयोजन ‘कोश पुरा झालेला पाहावा’ ह्या एकाच इच्छेत ठेवले असते, तर पहिल्या महिन्यातच हात गळून गेले असते.

मग ते चिठ्ठीत कोठे होते? एक उदाहरण घेऊ. हस्तलिखितात वा छापील ग्रंथात ‘नागतः’ अशी अक्षरे आली आहेत. हे ‘न आगतः’ म्हणजे ‘आला नाही’ असेल; ‘न अगतः’ म्हणजे ‘गेला नाही असे नाही’ असेल; किंवा ‘नाग’ शब्दाला ‘तः’ प्रत्यय लागून ‘नागापासून’ असेही असेल. पहिल्या पक्षी चिठ्ठी ‘आ’मध्ये जाईल, दुसऱ्या पक्षी ‘अ’मध्ये आणि तिसऱ्या पक्षी ‘न’मध्ये. चिठ्ठी लिहिणाऱ्याने मागचापुढचा संदर्भ वाचून, टीका असल्यास ती पाहून, निवाडा करावयाचा. तो चुकला तर ती चिठ्ठी भलत्याच कप्प्यात जाऊन पडेल आणि कदाचित कोणालाही पुन्हा सापडणार नाही. तो बरोबर ठरला तर कोणी त्याचे नाव घेणार नाही. तरीही त्या क्षणी ‘पुढच्याला शंका राहू नये म्हणून’ असे जो स्वतःशी म्हणतो, त्याच्या हातून पाट्या टाकल्या जात नाहीत. असंदेहाचे प्रयोजन ते हेच. आणि ते एक कोटी वेळा पुरे झाले म्हणून रक्षेच्या प्रयोजनाला आधार मिळाला.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहासही असाच आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी १९२५ साली प्रमुख संपादकत्व स्वीकारले आणि पुढील अठरा वर्षे पाठभेदांच्या निवाड्यात घालविली. जानेवारी १९४३ मध्ये ते वारले. आवृत्ती पुरी झाली ती १९६६ साली. अखेरच्या दिवसांत ते मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्याने देत होते. शेवटचे व्याख्यान देण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. लिहून ठेवलेली व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकेका अक्षराचा निवाडा करण्यात आयुष्य घालविलेला विद्वान ग्रंथाच्या समग्र अर्थाविषयी बोलावयास उभा राहिला, ह्यात विसंगती नाही. अक्षरांच्या निवाड्यातूनच तो अर्थ त्याच्या हाती येत गेला होता.

७

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. प्रयोजनाची भाषा जशी करणाऱ्याला बळ देते, तशी ती करवून घेणाऱ्याच्या सोयीचीही असते. ‘चाकरी’ला ‘सेवा’ म्हटले की वेतनाचा विषय काढणे संकोचाचे होते. वेठीवर ‘व्रत’ अशी चिठ्ठी चिकटविली म्हणून ती वेठ राहत नाही असे नाही. ‘अमुक व्हावे म्हणून’ हे वाक्य ज्याचे त्याने स्वतःशी म्हणावयाचे असते. दुसऱ्याने ते त्याच्या तोंडी घातले की ते प्रयोजन राहत नाही, तो हुकूम होतो. म्हणून शिक्षकानेही विद्यार्थ्याला त्याचे प्रयोजन ठरवून देऊ नये. कामात ते कोठे सापडण्यासारखे आहे, ती जागा मात्र त्याने दाखवावी.

त्या विद्यार्थ्याला पुढे असे सांगितले : संगणक ‘म्हणून’ची सर्व स्थळे दाखवील, आणि कोठे कारण व कोठे प्रयोजन ह्याचा अंदाजही करील. परंतु त्याचा अंदाज जेथे चुकेल तेथे ती चूक ओळखणारे कोणीतरी असावे लागेल, आणि ते ओळखणे तीनशे वाक्ये स्वतःच्या हाताने उतरल्यावाचून येत नाही. पोटाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही, हेही त्याला सांगितले. कारण ते खरे होते. त्यावर तो काही बोलला नाही. वर्षअखेरीस त्याने चिठ्ठ्या परत केल्या तेव्हा त्यांतील एकीच्या कोपऱ्यात ‘कारण’ हा शब्द खोडून ‘प्रयोजन’ असे लिहिले होते, आणि खाली बारीक अक्षरांत तीन ओळींचे स्पष्टीकरण दिले होते. तेवढे कोणी त्याला करावयास सांगितले नव्हते. वाक्य पुन्हा वाचून पाहिले. त्याचा निवाडा बरोबर होता.